गाडी आणि घराचा विमा: हप्ता कमी करायचाय, पण कापायचं नेमकं काय?

नवीपायवाट:
नमस्कार मंडळी. गाडी आणि घर, दोन्हीचं रिन्यूअल एकाच महिन्यात आलंय आणि दोन्हीकडे आकडा मागच्या वर्षीपेक्षा वाढलाय. वर्षभरात एकही क्लेम नाही, गाडीला ओरखडा नाही, घरात काही झालेलं नाही, मग वाढ कशाची असं विचारायला फोन केला तर "सगळीकडेच वाढलंय मॅडम" एवढंच उत्तर. नवऱ्याचं म्हणणं, गाडीला फक्त थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) ठेवू आणि घराचा विमा बंदच करू, कारण इतकी वर्षं भरतोय आणि एकदाही उपयोग झाला नाही. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये. गाडी सात वर्षांची आहे, तिचं कर्ज फिटलंय. घराचं कर्ज अजून चालू आहे आणि घराची पॉलिसी तेव्हा बँकेतूनच गळ्यात पडली होती, ती आजवर उघडून वाचलेली नाही. पैसे वाचवायचेत हे खरंच आहे, या वर्षी गरजही आहे. पण कुठे कात्री लावली तर चालेल आणि कुठे लावली तर पुढे रडायची वेळ येईल, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचंय.

तिसरागिअर:
ताई सरळ उपाय सांगतो, रिन्यूअलची लिंक आली की ती दाबायचीच नाही. आधी चार कंपन्यांचे कोट काढा, मग आत्ताच्या कंपनीला फोन करून सांगा की बाहेर एवढ्यात मिळतंय, निम्म्या वेळा तिथल्या तिथे कमी करतात. मी दर वर्षी करतो, अर्धा तास लागतो. घराच्या विम्याबद्दल मात्र तुमच्या मिस्टरांशी सहमत. भिंतींना काय होणारे?

कौलारू:
मी आयुष्यभर विमा कंपनीत काम केलं, आता निवृत्त आहे, कुणाला काही विकायचं नाहीये म्हणून मोकळेपणाने लिहितो.

नवीपायवाट, तुमच्या मिस्टरांनी दोन गोष्टी कापायच्या म्हटल्या. त्यातली गाडीची काही प्रमाणात बरोबर असू शकते, घराची मात्र अगदी उलटी आहे. विमा कशासाठी घ्यायचा याची माझी कसोटी साधी आहे. हा तडाखा उद्या बसला तर तो मी बँकेतल्या पैशातून सोसू शकतो का? सोसू शकत असेन तर त्याचा विमा महागच पडतो, कारण कंपनी त्या हप्त्यात स्वतःचा खर्च, एजंटचं कमिशन, नफा सगळं धरते. सोसू शकत नसेन तर तो विमा कितीही वर्षं "फुकट गेला" तरी ठेवायचा. बंपर बदलणं आपण सोसू शकतो. घर पुन्हा बांधणं बहुतेकांना नाही सोसत, त्यातून घर जळालं तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. आणि कर्ज चालू असेल तर करारात घराचा विमा ठेवायची अट असू शकते, ती आधी बघा.

लोक करतात काय, तर मोठं कव्हर काढून टाकतात आणि बारीकसारीक अ‍ॅड-ऑन (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेली जादा कव्हर) ठेवतात, कारण बारीक नुकसान डोळ्यासमोर झालेलं असतं आणि मोठं कधी बघितलेलं नसतं. नोकरीत हे इतक्या वेळा पाहिलंय की अजून त्रास होतो.

वाढ कशाची म्हणाल तर तुमचा क्लेम नसला तरी बाकीच्यांचे असतात. विमा म्हणजे सगळ्यांनी एका घागरीत टाकलेले पैसे, दुरुस्ती महागली की घागरीत प्रत्येकालाच जास्त टाकावं लागतं.

पानाजॅक:
कौलारू काकांच्या शेवटच्या मुद्द्यावर. मी गाड्यांच्या दुरुस्तीत आहे. पूर्वी पुढची काच म्हणजे नुसती काच होती. आता बऱ्याच गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो, काच बदलली की तो परत कॅलिब्रेट करावा लागतो नाहीतर लेन आणि ब्रेकची सिस्टीम चुकीचं वाचते. बंपरमध्ये सेन्सर, आरशात सेन्सर, हेडलाइटचा अख्खा सेट बदलायचा. छोट्या धडकेचं बिल म्हणून फुगतं आणि ते शेवटी सगळ्यांच्या हप्त्यात येतं.

ओलीभिंत:
तिसरागिअर, "भिंतींना काय होणारे" हे आम्हीही म्हणायचो.

आमच्याकडे स्वयंपाकघरात वायरिंगमुळे आग लागली. माणसं सुखरूप, ते सगळ्यात महत्त्वाचं. पण स्वयंपाकघर गेलं आणि शेजारची खोली धुराने काळी झाली, छताचं प्लास्टर निघालं. पॉलिसी होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सर्व्हेअर आला, मोजमाप केलं, आणि हातात पैसे आले ते नुकसानीच्या जेमतेम ६० टक्के. मला वाटलं फसवलं. नंतर समजलं की फसवलं नव्हतं, आमच्याच पॉलिसीत तसं लिहिलेलं होतं. घर बांधायला आज १०० लागत असतील तर आम्ही विमा ६० चा काढलेला होता, कारण कर्ज घेतलं तेव्हाचा आकडा तसाच वर्षानुवर्षं रिन्यू होत राहिला आणि मधे आम्ही वरची खोली बांधली ती कुणाला कळवलीच नाही. मग नुकसान २० चं झालं तर कंपनी म्हणते तुम्ही ६० टक्क्यांचाच विमा घेतला, बाकीच्या ४० टक्क्यांचे विमाधारक तुम्हीच, म्हणून २० च्या ६० टक्के म्हणजे १२ घ्या. मला वाटायचं ६० चा विमा आहे म्हणजे ६० पर्यंतचं सगळं नुकसान भरून मिळेल. तसं नसतं.

विमा रक्कम कमी ठेवून हप्त्यात जे वाचवलं ते सगळं, आणि त्याच्या कितीतरी पट, त्या एका दिवसात गेलं. नवीपायवाट, हप्ता कमी करायचा म्हणून घराची विमा रक्कम कधीही कमी करू नका, हे कळवळून सांगते.

नवीपायवाट:
ओलीभिंत, वाचून पोटात गोळा आला. आमचाही आकडा कर्ज घेतानाचाच असणार. आज पॉलिसी शोधते.

कौलारू:
ओलीभिंत ताईंनी सांगितलं त्याला आम्ही अ‍ॅव्हरेज म्हणतो. जगभर हा नियम वेगवेगळ्या रूपात आहे. अमेरिकेतल्या घरांच्या पॉलिसीत साधारण ८० टक्क्यांची रेघ असते, पुनर्बांधणी खर्चाच्या निदान ८० टक्क्यांचा विमा असेल तर अंशतः नुकसान पूर्ण भरून देतात, त्याखाली गेलात की कपात सुरू. भारतात १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली, तिच्यात घरासाठी ही अ‍ॅव्हरेजची कपात काढून टाकलेली आहे, पण जुन्या पद्धतीची पॉलिसी चालू असेल तर तपासा. आणि कपात नसली तरी विमा रकमेच्या वर कुणी देत नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण इथे खरोखर पैसे वाचतात. बरेच लोक घराचा बाजारभाव विमा रक्कम म्हणून टाकतात. बाजारभावात जमीन असते, जागेचं महत्त्व असतं. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा फक्त बांधकामाचा, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम दर, त्यात कुंपण, टाकी वगैरे आणि थोडा मलबा हटवायचा खर्च. चांगल्या जागी फ्लॅट असेल तर बाजारभाव आणि बांधकाम खर्च यात प्रचंड फरक पडतो आणि तेवढा हप्ता वर्षानुवर्षं हवेत जातो. जास्त रकमेचा विमा काढला म्हणून जास्त मिळत नाही, प्रत्यक्ष नुकसान होईल तेवढंच मिळतं. दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी काढल्यात तरी दोघी मिळून तेवढंच देतील. म्हणून इमारतीची सामायिक पॉलिसी असेल तर तिच्यात काय धरलंय ते विचारून घ्या, तोच भाग स्वतः परत विकत घेताय का ते दिसेल.

निळीशाई:
काकांना एक जोड. बँकेतून आलेली पॉलिसी असेल तर तिच्यात विमा रक्कम म्हणजे कर्जाची रक्कम असं नाहीये ना बघा. मग तो विमा बँकेच्या पैशाला पुरेल, तुमच्या घराला पुरेलच असं नाही. शिवाय कधीकधी "घराचा विमा" म्हणून जे दिलेलं असतं ते कर्जदाराच्या आयुष्याचं कव्हर असतं, घराला आग लागली तर त्याचा उपयोग शून्य. पहिलं पान आणि परिशिष्ट, एवढं वाचलं तरी कळतं. आणि बँकेला विमा हवा असतो हे ठीक, पण तो त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं सहसा नसतं. दुसरीकडून स्वस्त मिळाला तर बँकेचं नाव नोंदवून तो देता येतो का ते लेखी विचारा.

तिसरागिअर:
ओलीभिंत ताई, माफ करा, मी हलकेपणाने लिहिलं. अ‍ॅव्हरेजचं मला खरंच माहीत नव्हतं. आईवडिलांच्या घराची पॉलिसी आजच बघतो.

बेरीजवजा:
आता गाडीकडे वळू या का, आकडेमोड माझा आवडता भाग आहे.

पहिलं, वजावट. प्रत्येक क्लेममध्ये पहिले अमुक पैसे तुम्ही भरायचे, ती वजावट. सक्तीची थोडी असतेच, पण स्वेच्छेने वाढवली की हप्ता कमी होतो. वाढवावी का हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. वजावट ८०० ने वाढवल्यावर हप्ता वर्षाला १०० ने कमी होत असेल तर ८०० भागिले १००, म्हणजे आठ वर्षांत एकदा क्लेम झाला तर बरोबरी, त्याहून कमी वेळा झाला तर तुम्ही फायद्यात. दहा वर्षांत एकही क्लेम नसेल तर वाढवाच. हप्ता २० नेच कमी होत असेल तर बरोबरीला चाळीस वर्षं लागतील, नका वाढवू. दोन्ही कोट शेजारी मांडून बघायचे, अंदाजाने ठरवायचं नाही. अट मात्र एक, तेवढी रक्कम खात्यात वेगळी पडलेली हवी.

दुसरं, आणि हे लोक अजिबात मोजत नाहीत, छोटा क्लेम किती महाग पडतो. भारतातल्या नो क्लेम बोनसचे, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे, टप्पे घ्या: २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. तुम्ही ५० वर आहात आणि बोनस नसता तर ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा) हप्ता १००० असता, म्हणजे भरताय ५००. आता एक छोटा क्लेम केला. पुढच्या वर्षी बोनस शून्य, भरा १०००. मग ८००, ७५०, ६५०, ५५० आणि मग कुठे परत ५००. जास्तीचे किती गेले? ५०० अधिक ३०० अधिक २५० अधिक १५० अधिक ५०, म्हणजे १२५०. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण हिशोब समजला ना? दुरुस्तीचं बिल, त्यातून वजावट आणि घसारा (वस्तू जुनी झाल्याबद्दलची कपात) वजा करून हातात १००० येणार असतील तर त्यासाठी १२५० घालवतोय आपण. क्लेम करायच्या आधी हे कागदावर मांडायचंच.

पानाजॅक:
+१. रोज बघतो. मागच्या दाराला छोटा डेंट, आणि गिऱ्हाईक म्हणतं "इन्शुरन्समधून करून टाका". मी स्वतः सांगतो की साहेब पेंटचा खर्च आधी ऐका, मग ठरवा. काही गॅरेजं नाही सांगत कारण क्लेममध्ये त्यांचं बिल मोठं होतं.

पण लक्षात ठेवा, दुसऱ्या माणसाला लागलंय किंवा त्याच्या गाडीचं नुकसान झालंय तर स्वतः पैसे देऊन मिटवू नका, कंपनीला लगेच कळवा. ते प्रकरण पुढे कुठवर जाईल आपल्याला माहीत नसतं आणि उशिरा कळवलं की कंपनी हात वर करू शकते.

निळीशाई:
पानाजॅकशी शंभर टक्के सहमत. थर्ड पार्टी कव्हर सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट, खरं तर लावायचीच नाही. कायद्याने सक्तीचं आहे म्हणून लोक त्याला कागदी औपचारिकता समजतात. पण सक्ती का आली ते बघा. ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने ते सक्तीचं झालं, कारण ज्याला गाडीने उडवलं त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायला गाडीवाल्याकडे पैसे असतीलच असं नव्हतं. आपली गाडी गेली तर नुकसान गाडीच्या किमतीएवढंच. आपल्या गाडीने कुणाचा कमावता माणूस गेला तर रकमेला वरची मर्यादा दिसत नाही. काकांची कसोटी इथे लावून बघा.

नवीपायवाट:
मग सात वर्षांच्या गाडीचं ओन डॅमेज काढायचं की ठेवायचं? बेरीजवजा, याला काही सूत्र आहे का?

बेरीजवजा:
सूत्र नाही पण पद्धत आहे. गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त आयडीव्ही देणार, म्हणजे घसारा धरून ठरलेली किंमत. त्यातून वजावट वजा करा. हा तुमचा जास्तीत जास्त फायदा. त्याला ओन डॅमेजच्या वार्षिक हप्त्याने भागा. उत्तर ४०-५० आलं तर ठेवा, १० च्या आसपास आलं तर काढायचा विचार करा. आणि गाडी चोरीला गेली तर दुसरी लगेच घ्यावी लागणार आहे का, तेवढे पैसे आहेत का, हे स्वतःला विचारा. गाडीवर पोट असेल तर उत्तर १० आलं तरी ठेवा.

हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढू नका. ऑनलाइन कोटमध्ये स्वस्त दिसणारी कंपनी पुष्कळदा फक्त कमी आयडीव्ही धरून स्वस्त झालेली असते. चार कोट काढा पण आयडीव्ही, वजावट आणि अ‍ॅड-ऑन चारीत सारखे ठेवा, नाहीतर ती तुलनाच नाही.

पानाजॅक:
अ‍ॅड-ऑनबद्दल माझं मत. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नव्या गाडीला घ्या, कारण नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर निम्मा घसारा कापतात आणि आजच्या गाडीत पुढचा भाग म्हणजे बहुतेक प्लास्टिकच. जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या ते देतच नाहीत किंवा महाग देतात. रोडसाइड असिस्टन्स घेण्याआधी बघा, गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळतंय का. चावी हरवण्याचं कव्हर वगैरे माझ्या मते सोडा.

इंजिन प्रोटेक्ट मात्र पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर घ्याच. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत कंपनी म्हणते पुराने गाडी भिजली ते नुकसान देऊ, पण इंजिन तुम्ही चालू केलंत म्हणून फुटलं, ते नाही देणार. म्हणून गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर हात जोडून विनंती, चावी फिरवू नका. टो करून आणा. यात जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याच डिस्काउंटमध्ये नाही वाचत.

दूरचादिवा:
तिसरागिअरनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय त्याला माझा जोरदार पाठिंबा. एकाच कंपनीत वर्षानुवर्षं राहिलं की बक्षीस मिळतं असा आपला समज असतो. ब्रिटनमध्ये उलटं आढळलं, जुन्या निष्ठावान ग्राहकाचा हप्ता दर वर्षी थोडा थोडा चढवत न्यायचे आणि नव्या ग्राहकाला स्वस्त द्यायचे. शेवटी तिथल्या वित्त नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून गाडी आणि घराच्या विम्यात हे बंद केलं, जुन्या ग्राहकाला रिन्यूअलचा दर त्याच्यासारख्या नव्या ग्राहकापेक्षा जास्त लावता येत नाही. बाकी सगळीकडे असा नियम आहे असं धरून चालू नका. मी रिन्यूअलच्या महिनाभर आधी कॅलेंडरवर आठवण लावून ठेवते.

घर आणि गाडी एकाच कंपनीकडे घेतली की सूट देतात ती घ्या, पण सूट धरूनचा एकूण आकडा आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा एकूण आकडा दोन्ही मांडा. आमच्याकडे एक वर्ष एकत्र स्वस्त होतं, पुढच्या वर्षी वेगळं. आणि शक्य असेल तर वर्षाचे एकदम भरा, मासिक हप्त्यात बऱ्याचदा व्याज लपलेलं असतं.

गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरवर हप्ता ठरणारी पॉलिसी बघा, भारतात नियामकाने २०२२ साली याला परवानगी दिली. मी घरून काम करते, माझा बराच फरक पडला.

तिसरागिअर:
किलोमीटरवाली मी घेणार होतो पण ते ब्रेक कसा मारता, रात्री किती चालवता हेही बघतात म्हणून थांबलो. मला नाही आवडत कुणी सतत बघितलेलं.

दूरचादिवा:
दोन प्रकार आहेत. एकात नुसतं मीटर बघतात, दुसऱ्यात चालवण्याची पद्धत. तुम्ही पहिला घ्या. ठरलेले किलोमीटर संपले तर काय होतं हे मात्र घेण्याआधी विचारा, कव्हर थांबतं की जास्तीचे पैसे भरून पुढे चालतं.

निळीशाई:
एक कळकळीचं. हप्ता कमी व्हावा म्हणून प्रपोजल फॉर्ममध्ये खोटं लिहू नका, कुणी एजंटने सुचवलं तरी. मुलगा गाडी चालवतो पण वडिलांचं नाव मुख्य चालक म्हणून टाकायचं, गाडी भाड्याने फिरते पण खाजगी लिहायचं, मागच्या कंपनीकडे क्लेम झालेला असताना नो क्लेम बोनस मागायचा. कंपन्या एकमेकींकडे विचारतात, क्लेमच्या वेळी तर नक्कीच विचारतात. घराचंही तसंच, एका खोलीत धंदा चालतो, घर भाड्याने दिलंय, घर महिनोन्महिने बंद असतं, हे कळवायलाच लागतं. किती दिवस सलग बंद राहिलं तर कव्हर कमी होतं ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. विमा हा परम विश्वासाचा करार आहे, कायद्यात तसंच म्हणतात.

आणि पॉलिसी एक दिवसही लॅप्स होऊ देऊ नका. भारतात खाजगी गाडीचं रिन्यूअल ९० दिवसांपेक्षा जास्त लांबलं तर सगळा बोनस जातो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. हे न मागता क्वचितच कुणी देतं.

कौलारू:
चांगली चर्चा चाललीये. एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १६६६ साली लंडन जळालं, हजारो घरं गेली. त्यानंतर निकोलस बार्बन नावाच्या माणसाने घरांचा आगीचा विमा सुरू केला आणि त्याचा दर काय होता, तर विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के. सरळ दुप्पट. धोका कमी केला की हप्ता कमी, हे तेव्हापासूनचं गणित आहे.

म्हणून घरात काय सुधारणा केली ते कंपनीला कळवा आणि सूट आहे का विचारा. चांगलं कुलूप, अलार्म, धुराचा सेन्सर. काही कंपन्या देतात, काही नाही, पण न विचारता कोणीच देत नाही. सूट नाही मिळाली तरी वायरिंग जुनं असेल तर तपासून घ्या आणि विजेची गळती झाल्यावर पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवा, ओलीभिंत ताईंचा अनुभव वाचलातच.

पूर आणि भूकंप पॉलिसीत आहेत का तेही वाचा. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर नसतो, वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी पूर विमा साधारण ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे ढग दिसल्यावर काढून उपयोग नाही. भारत गृह रक्षामध्ये दोन्ही आहेत. प्रत्येक देशात वेगळं.

ओलीभिंत:
आणि घरातल्या सामानाची यादी! आमच्या क्लेममध्ये सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. जळालेल्या कपाटात काय होतं ते मला आठवेना, बिलं त्याच कपाटात. आता मी वर्षातून एकदा मोबाइलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढते, कपाटं उघडून, टीव्ही आणि फ्रिजचा नंबर दिसेल असा, आणि तो घराबाहेर म्हणजे क्लाउडवर ठेवते. दहा मिनिटांचं काम. यादी केल्यावर असंही लक्षात येतं की सामानाचा विमा आपण उगाच जास्त घेतलाय की कमी. आमचा दागिन्यांचा भाग काढला कारण दागिने लॉकरमध्येच असतात, तेवढा हप्ता उतरला.

नवीपायवाट:
सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस बसून काय काय केलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून.

घराची पॉलिसी सापडली. निळीशाईंनी म्हटल्याप्रमाणे विमा रक्कम म्हणजे कर्जाची मूळ रक्कम होती, आणि बांधकामाचा आजचा खर्च काढला तर ती साधारण पाऊणपट भरतेय. म्हणजे ओलीभिंत ताईंच्या वाटेवर आम्ही अर्धे पोचलेलो होतो. घराचा विमा बंद करण्याऐवजी रक्कम वाढवली. गंमत वाटेल पण दुसऱ्या कंपनीकडे वाढीव रकमेचा हप्तासुद्धा जुन्यापेक्षा कमी आला. बँकेने तीच पॉलिसी चालेल असं ईमेलवर कळवलंय.

गाडीचं बेरीजवजांच्या पद्धतीने भागलं तर उत्तर २८ आलं. मधलं आलं म्हणून नवऱ्याशी परत बसले. गाडी चोरीला गेली तर दुसरी घ्यायला आत्ता पैसे नाहीत, त्यामुळे ओन डॅमेज ठेवलं, पण वजावट वाढवली, चावीचं कव्हर आणि रोडसाइड काढलं, आणि तेवढी वजावट वेगळ्या खात्यात टाकली. चार कोट एकाच आयडीव्हीवर काढले तर सगळ्यात स्वस्त आणि महाग यात जवळपास चौथ्या हिश्शाचा फरक होता, मला धक्काच बसला. आमच्या जुन्या कंपनीला फोन केला, त्यांनीही थोडं कमी केलं पण तरी दुसरीच स्वस्त पडली. बोनस ५० टक्के तसाच पुढे आला.

दोन्ही मिळून मागच्या वर्षीपेक्षा कमी भरलं आणि घराचं कव्हर वाढलं. नवरा स्वतः मोबाइल घेऊन खोल्यांचा व्हिडिओ काढतोय. कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीला ओल दिसली, बाथरूमच्या बाजूची. कौलारू काका, हे पॉलिसीत बसतं का?

कौलारू:
पाइप अचानक फुटून पाणी झालं तर बऱ्याच पॉलिसीत बसतं. हळूहळू झिरपलेली ओल नाही बसत, ती देखभाल समजतात. आणि आता तुम्हाला ती माहीत आहे, त्यामुळे दुर्लक्ष केलं आणि उद्या भिंत किंवा वायरिंग गेलं तर तो क्लेमही अडकेल. प्लंबरला बोलवा, आणि त्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर आज रात्रीच तेवढा मेन बंद ठेवा.

नवीपायवाट:
आहे स्विचबोर्ड. बंद केला. प्लंबर सकाळी नऊला येतोय.